सगुणाबाईच्या टोळीचा कायदा

वालूरच्या बाजारगल्लीत माझं बी-बियाणांचं दुकान आहे. आत बियाणं, खत, औषध मिळतं आणि बाहेरच्या ओट्यावर मजूर. म्हणजे मी ठेवत नाही मजूर. सगुणाबाई सकाळी तिथं येऊन बसते, आणि ती बसली की शेतकरी आपोआप येतात.

"सगुणाबाई, सोयाबीन काढायचंय."

"रान बगून सांगते."

रान डोळ्यांनी बघितल्याशिवाय तिनं कधी गुत्तं, म्हणजे अख्ख्या रानाचं काम अंगावर, घेतलं नाही. तण किती, शेंगा जमिनीपासून किती उंचीवर, ओल किती, सगळं बघणार आणि मग एकच आकडा बोलणार. त्यात घासाघीस नाही. एकदा एका नव्या शेतकऱ्यानं दुसऱ्या गावची टोळी स्वस्तात मिळते म्हणून तिला ऐकवलं, तर तिनं त्याला त्या टोळीच्या मुकादमाचा फोन नंबर काढून दिला. चार दिवसांनी तोच माणूस ओट्यावर परत आला. सगुणाबाईनं माझ्याकडं बघून डोळा मिचकावला.

आमच्या गावातली तरणी पोरं पुण्याकडं गेली, याबद्दल माझ्या दुकानात रोज कुणीतरी उसासे टाकतं. टाकणाऱ्याची स्वतःची दोन पोरं चाकणला असतात आणि त्यानंच त्यांना गाडीत बसवून दिलेलं असतं. मला त्या उसाशांचा संताप येतो. पोरं गेली कारण जायला जागा होती. मागं राहिलेलं काम कुणीतरी करायचंच होतं, ते बायांनी केलं. सगुणाबाईच्या टोळीत पंधरा-सोळा बाया आहेत. बौद्धवाड्यातल्या आहेत, मराठ्यांच्या आहेत, दोन तर जिंतूरकडून लग्न होऊन आलेल्या नव्या सुना आहेत. सगळ्यांचे नवरे, नाहीतर पोरं, नाहीतर दोन्ही, पुण्यात. सगुणाबाईचा नवरा सटवाजी तेवढा गावात आहे, पण त्याला माणसांपेक्षा शेळ्यांची संगत बरी वाटते.

या टोळीचा एक कायदा आहे आणि तो सगुणाबाईनंच केलेला आहे. चार-पाच बायांची लेकरं अंगावरची असतात. घरी कुणी नसतं, म्हणून ती रानात न्यावी लागतात. बांधावरच्या कडुलिंबाला झोळ्या बांधायच्या आणि एकीनं तिथं बसायचं. तिला टोळीत सावलीवाली म्हणतात. सावलीवाली विळा धरत नाही, तिच्या वाटणीची ओळ बाकीच्या उरकतात. पूर्वी या जागी एखादी थकलेली बाई बसवायचे आणि तिला अर्धा रोज द्यायचे. सगुणाबाई मुकादम झाली तशी तिनं ते मोडलं.

"अर्धा कामून?" ती माझ्या ओट्यावरच भांडली होती. "तिनं लेकरू धरलं मून तुजे दोन हात चालले. त्यातला एक हात तिचाच की."

तेव्हापासून सावलीवालीला पूर्ण वाटा, आणि सावलीत बसायचं ते पाळीपाळीनं. सगुणाबाई स्वतःसुद्धा बसते. झोळी हलवता हलवता तिथूनच ती कुणाची ओळ मागं पडली ते ओरडून सांगते, त्यामुळं तिची पाळी आली की बाकीच्या बायांना जरा जडच जातं.

अशा बाईला गेल्या पावसाळ्यात तिच्या मुलाचा फोन आला.

मुलाचं नाव सिद्धोधन. तो चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत आहे, सून सुकेशनी दुसऱ्या कंपनीत पॅकिंगला. त्यांचा मुलगा धम्मानंद आठ महिन्यांचा झाला होता आणि सुकेशनीची सुट्टी संपत आली होती.

"माय, तू ये इकडं."

"किती दिस?"

"दिस काय मनतीस? आता इकडंच ऱ्हा. बास झालं रानात राबणं."

हे त्यानं प्रेमानंच म्हटलं होतं, यात मला शंका नाही. पण आईचं काम म्हणजे नाइलाजानं केलेलं राबणं, पोरांनी पैसे पाठवले की सुटणारं, असं पुण्याला गेलेल्या प्रत्येक पोराला वाटतं. सगुणाबाईनं फोन ठेवला आणि टोळीला ओट्यावर बोलावलं. खुरपणी संपलेली होती, काढणीला अजून अवकाश होता.

"मी जायलेय," ती म्हणाली. "सोयाबीन पिवळं पडायच्या आत माघारी येते. जबान देते."

"आन न्हाई आलीस तर?" सरजाबाईनं विचारलं. सरजाबाई टोळीत तिच्या खालोखाल. हाताला चलाख, पण शेतकऱ्यापुढं बोलायची वेळ आली की पदर तोंडाला लावणारी.

"तर टोळी मोडंल," सगुणाबाई म्हणाली. "मून तर येणार हाय."

तिनं काही वाढवून सांगितलं नव्हतं. गावात हार्वेस्टर यायला लागला होता. यंत्राशी बोलावं लागत नाही आणि ते रान बघून आकडा सांगत नाही, म्हणून पुष्कळ शेतकऱ्यांना ते आवडायचं. त्यांना अडवून धरायला सगुणाबाईचं तोंड लागायचं. एक हंगाम चुकला असता तर टोळीतल्या अर्ध्या बाया पुण्याला धुण्याभांड्याला गेल्या असत्या आणि उरलेल्या जे मिळेल त्या रोजावर. म्हणजे सगुणाबाईनं गेल्या काही वर्षांत जे उभं केलं होतं ते सगळं त्या एका शब्दावर टांगलेलं होतं.

पुढचं मला तिनंच सांगितलेलं आहे, थोडं नंतर नर्मदाबाईनं; ती पुढं भेटेलच. दोघींच्या सांगण्यात फरक पडला तिथं मी सगुणाबाईचं धरलं आहे, कारण तिच्याशी भांडायची माझी हिंमत नाही.

चाकणला सिद्धोधनची खोली तिसऱ्या मजल्यावर. लांब बोळ, दोन्ही बाजूंना दारं, सगळी बंद. सगुणाबाईनं पहिल्याच सकाळी आपलं दार सताड उघडलं आणि मधे पाण्याचा हंडा ठेवून दिला. सुकेशनी कामावर जाता जाता म्हणाली, "आत्या, हितं दार लावून बसतेत सगळे."

"कामून? आत काय चोरी करायलेत?"

दुसऱ्या दिवशी समोरचं दार बोटभर उघडलं. फटीतून एक डोळा दिसला, मग चष्मा, मग पूर्ण बाई.

"सगुणा? तू हितं?"

ती नर्मदाबाई होती. आमच्या वालूरच्या चंद्रभानरावांची मंडळी. पंचवीस एकराचं रान, दारात ट्रॅक्टर, गोठ्यात म्हशी. सगुणाबाईची टोळी दरवर्षी त्यांचंच सोयाबीन सगळ्यात आधी काढते. त्यांच्या ओसरीवर सगुणाबाईनं कितीतरी वेळा चहा घेतला आहे, पण ओसरीच्या आत ती कधी गेलेली नाही. कुणी ये म्हटलं नाही, तिनंही पाऊल टाकलं नाही. कप पूर्वी वेगळा असायचा. आता सगळ्यांना सारखेच कप येतात, फक्त चहा झाला की सगुणाबाईचा कप बाहेरच्या नळाखाली राहतो.

"लेकराला आले, मालकीणबाई," सगुणाबाई म्हणाली. "तुमी?"

"मीबी लेकरालाच."

चंद्रभानरावांचा मुलगा परमेश्वर सिद्धोधनच्याच कंपनीत, दुसऱ्या पाळीला. त्याची बायको शिवकन्या दवाखान्यात नर्स. त्यांचा माऊली दोन वर्षांचा. गावात यांची घरं दोन टोकांना होती, चाकणला मधे एक बोळ होता. भाडं दोघांना सारखंच पडत होतं, आणि घरमालक दोघांनाही सारखाच ओरडत होता.

नर्मदाबाई दीड वर्षापासून तिथं होती. गावात चार गडी तिच्या हाताखाली राबायचे, इथं तिच्या हाताखाली एक गॅसची शेगडी. गुडघे दुखत, म्हणून जिना नको. ओळखीचं कुणी नाही, म्हणून दार नको. मागच्या दिवाळीला दोन दिवस गावाकडं जाऊन आली तेवढंच. म्हशी कुणाला विकल्या हेसुद्धा तिला फोनवर कळलं होतं.

"लय बेजार झाले ग," ती दारात उभी राहून म्हणाली. "पन लेकराला टाकून जावं कसं?"

सगुणाबाईला नर्मदाबाईची दया आली हे खरं, पण त्याहून जास्त तिला स्वतःची धास्ती वाटली. दीड वर्षापूर्वी ही बाईसुद्धा थोड्या दिवसांसाठीच आली असणार. आपण इथं बसलो तर पुढच्या पावसाळ्यात आपलं दारसुद्धा बोटभरच उघडेल, हे तिला स्पष्ट दिसलं.

दिवस जायला लागले. दोन दारं उघडी राहू लागली, पण येणं-जाणं नव्हतं. बोलणं बोळाच्या आरपार. नर्मदाबाई तिच्या उंबऱ्यात, सगुणाबाई तिच्या. माऊलीला मात्र हा कायदा कुणी सांगितलेला नव्हता.

एका दुपारी सगुणाबाई धम्मानंदला वरणात भाकरी कुस्करून भरवत होती. माऊली धावत आला, बैठक मारली आणि आ वासला. सगुणाबाईचा हात ताटलीवर थांबला. तिनं वर बघितलं. नर्मदाबाई समोरच्या दारात उभी होती आणि बघत होती.

"जिंदगीत माजा हात कदी थांबला न्हाई," सगुणाबाई मला म्हणाली. "साप निघाला तरी विळा चालूच. त्या दिवशी मातर थांबला. राग आला, नागेशभाऊ. पोरगं तोंड उघडून बसलंय, आन मी त्याच्या आजीच्या तोंडाकडं बगायलेय. माजाच राग आला."

माऊलीनं तोंड अजून मोठं उघडलं.

"दे की," नर्मदाबाई शेवटी म्हणाली. "कोरडा नको देऊ. ठसका लागतो त्याला."

सगुणाबाईनं वरण जास्त घालून घास केला. माऊली सगळं ताट संपवून उठला. त्यानंतर तो रोजच यायला लागला, कारण नर्मदाबाई पोळी करायची आणि त्याला भाकरी पाहिजे होती.

इकडं गावात शेंगा भरत आल्या होत्या. सरजाबाईचा फोन आला. "खालची पानं पिवळी पडायलीत. दोन शेतकरी इचारून गेले. एक जण मनला, सगुणाबाई आता पुणेकर झाली."

सगुणाबाईनं त्याच दिवशी नर्मदाबाईला गाठलं. पहिल्यांदाच बोळ ओलांडून तिच्या उंबऱ्याजवळ जाऊन बसली.

"मालकीणबाई, एक बोलू? दोन लेकरं, दोन बाया, दोन खोल्या. ह्याला काय अर्थ हाय? आमच्या रानात एक बाई पाच लेकरं सांभाळती. एक जण सावलीला बसती, बाकीच्या कामाला; त्यांच्यातला एक हात सावलीवालीचाच. मी दोगांना सांभाळते, तुमी गावाकडं जावा. तुमी सांभाळा, मी जाते. पाळीपाळीनं."

गावाकडं हा शब्द ऐकल्याबरोबर नर्मदाबाईची पाठ ताठ झाली. पण लगेच ती परत वाकली.

"आगं, पन लोक काय मनतील?"

"कोण लोक?"

"गावातले."

"गावात ऱ्हायलंय कोण मनायला?" सगुणाबाई म्हणाली. "मनणारे समदे ह्या मजल्यावर हायेत, आन ते दार लावून बसलेत."

नर्मदाबाईला हसू आलं. पण त्या संध्याकाळी समोरचं दार लागलं आणि दुसऱ्या दिवशी उघडलं नाही. माऊलीचा रडण्याचा आवाज आतून यायचा. सगुणाबाईनं मला सांगितलं नाही, पण सुकेशनीनं नंतर सांगितलं की सासू त्या दिवशी जेवली नव्हती.

सिद्धोधनला हा पाळीचा बेत कळला तेव्हा तो भडकला. "माय, त्यांच्या जिवावर आपलं लेकरू ठिवायचं? उद्या गावात बोलून दाखवतील. मला कुनाचे उपकार नकोत."

"उपकार कसले? पाळी हाय. मी त्यांचं धरते, त्या माजं धरतील."

"तुला रानातच जायचंय मून हे समदं."

"हो, मला रानातच जायचंय!" सगुणाबाईचा आवाज चढला. "तू कंपनीत जातूस तवा मी इचारते का कामून जायलास मून? सोळा बाया माजी वाट बगायल्यात. मी तुज्याकडं पाव्हणी आले, माजं दुकान बंद करून न्हाई आले."

धम्मानंदला मांडीवर घेऊन सुकेशनी एवढंच म्हणाली, "जाऊ द्या त्यास्नी. माजी नोकरी टिकली पायजे, आन आत्याचीबी."

आईच्या कामाला नोकरी म्हटलेलं सिद्धोधननं बहुतेक पहिल्यांदाच ऐकलं असावं. त्यानं पुन्हा उपकाराचं नाव काढलं नाही. मला त्या पोरीचं लय कौतुक वाटतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. नर्मदाबाई माऊलीला कडेवर घेऊन उभी. आत आली, पलंगाच्या कडेला बसली. सगुणाबाईच्या घरात ती पहिल्यांदाच बसत होती, पण त्याचा गाजावाजा दोघींनीही केला नाही.

"ह्याला दूध कवा देतीस?" तिनं धम्मानंदकडं बोट करून विचारलं. "आन एक सांगते, माज्या घरात देव हायेत. अंडं-मटन चालायचं न्हाई."

"मालकीणबाई, त्याला दोनच दात हायेत," सगुणाबाई म्हणाली. "मटन काय खातंय ते?"

मग रंगीत तालीम सुरू झाली. सगुणाबाई धम्मानंदला समोरच्या खोलीत सोडायची आणि बाहेर जाते म्हणून सांगून जिन्यात बसायची. पहिल्या दिवशी आतून रडण्याचा आवाज आला. ती अर्धी उठली. आवाज थांबला. नर्मदाबाई काहीतरी गुणगुणत होती, बेसूर, पण पोराला चाललं. सगुणाबाई थोडी हिरमुसली आणि भाजी आणायला गेली. संध्याकाळी घरी आल्यावर तिनं नर्मदाबाईच्या गुडघ्यांना तेल लावून दिलं. तेही मग रोजचंच झालं.

गावात ही बातमी परमेश्वरच्या फोनवरून आली. चंद्रभानराव तणतणत माझ्या दुकानात. "नागेश, ऐकलंस का? आमची मंडळी आता ह्यांची लेकरं सांभाळणार!"

मी औषधाची बाटली पुसत होतो. "सांभाळू द्या," मी म्हणालो. "तुमचं सोयाबीन कोण काढणार ते सांगा फक्त."

ते बाहेर बघत राहिले. ओट्यावर सरजाबाई आणि चार बाया बसल्या होत्या, एकीनंही मान वर केली नाही. चंद्रभानरावांनी खताचा भाव विचारला, घेतलं काही नाही आणि गेले.

सगुणाबाई ट्रॅव्हल्सनं सेलूला उतरली, तिथून जीपनं वालूरला. घरी जायच्या आधी ती रानात गेली. घरी सटवाजीनं भाकऱ्या थापून ठेवल्या होत्या, जाड आणि वेड्यावाकड्या. बायको नसताना तो ते शिकला होता. तिनं त्या खाल्ल्या आणि नावं ठेवली, आणि त्याला बरं वाटलं.

पहिलं रान ठरल्याप्रमाणं चंद्रभानरावांचं. आभाळ भरून यायला लागलं होतं. सोयाबीन कापून पडलं आणि वरून पाऊस आला तर शेंगेत कोंब फुटतात, वर्षाची मेहनत मातीत जाते. सगुणाबाईनं टोळी रोज भल्या पहाटे उभी केली. लिंबाखाली झोळ्या बांधल्या आणि सावलीला पहिली पाळी सरजाबाईची लावली. "तुजी बडबड कमी हाय, लेकरं निजतील," असं तिला सुनावलं. मग विळा हातात घेतला तो शेवटचा ढीग ताडपत्रीखाली जाईपर्यंत खाली ठेवला नाही. पाऊस आला तेव्हा बाया ताडपत्रीच्या कडांवर दगड ठेवत होत्या आणि हसत होत्या. त्या वर्षी हार्वेस्टरची वाट बघत बसलेल्या दोन शेतकऱ्यांचा माल भिजला. यंत्र चिखलात शिरत नाही.

एका दुपारी भाकरीच्या वेळेला चंद्रभानराव बांधावर आले होते. इकडचं तिकडचं बोलले, मग घसा साफ केला.

"आमची मंडळी कशी हाय तिकडं?"

दीड वर्षात हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या मुलाला कधी विचारला होता की नाही, कोण जाणे.

"बऱ्या हायेत. गुडघ्यांची कळ उतरलीय," सगुणाबाई म्हणाली. "मी गेले की त्या येतील. म्हशी ईकल्याचं मातर लय मनाला लागलंय त्यांच्या. जवाब तयार ठिवा."

एकेक करून सगळी रानं झाली. हंगामाचं वाटप माझ्याच ओट्यावर झालं, नेहमीसारखं. कापणारीला एक वाटा, सावलीवालीलाही एक. कुणाची तक्रार नाही. टोळी टिकली होती, शब्द पाळला होता, आणि सगुणाबाईची मान अशी ताठ होती की तिच्याशी बोलताना मलाच टाचा उंच कराव्या लागत होत्या.

दिवाळीच्या तोंडावर ती चाकणला परत गेली. नर्मदाबाईच्या खोलीत दोन्ही लेकरं एका चादरीवर झोपली होती. धम्मानंदच्या कपाळाला काजळाची तीट लावलेली. दाराशी नर्मदाबाईची पिशवी भरून तयार होती.

"काढणी झाली?"

"झाली. तुमचं पोतं अन् पोतं कोरडं घरात गेलं. मालक खूश हायेत."

"वाटप झालं टोळीचं?"

"झालं की."

"समद्यांना सारखं?"

"सारखंच. आमचा कायदाच हाय तसा."

"सावलीला बसलेलीलाबी?"

"तिलाबी पुरा वाटा."

"मग माजा कुठाय?"

सगुणाबाईला वाटलं बाई चेष्टा करायलीय. ती हसली. नर्मदाबाई हसली नाही.

"मालकीणबाई, आवो तुमचंच रान..."

"रान त्यांचं हाय. सातबारा त्यांच्या नावावर हाय. माज्या नावावर काय हाय, सांग बरं?" नर्मदाबाई म्हणाली. "तुजं लेकरू मी धरलं तवा तू विळा धरलास. तूच मनली व्हतीस, रानातला एक हात सावलीवालीचा असतो. मग माजा हात कुठं गेला?"

"सोळा बायांना कायदा शिकवला, नागेशभाऊ," सगुणाबाई मला नंतर म्हणाली, "आन मीच मोडला. मालकाच्या घरच्या बाईला कोण रोज देतंय, असंच डोस्क्यात बसलेलं. ती माज्या टोळीची झाली, हे तिला कळलं, मला न्हाई."

तिनं कमरेची पिशवी सोडली आणि स्वतःचा अख्खा वाटा बाहेर काढला. टोळीकडून तो नंतर भरून घेता येणार होता, सरजाबाईनं फोनवर दोन शिव्या घातल्या तरी.

"घ्या. मोजून घ्या."

"मोजू काय?" नर्मदाबाई म्हणाली. "मला कुठं माहिताय किती असती?"

तिनं नोटा पिशवीत टाकल्या नाहीत. सगुणाबाई ठेवते तशा कमरेला खोचल्या, वरून पदर नीट केला, झोपलेल्या दोन्ही पोरांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि जिना उतरायला लागली. गुडघ्यांबद्दल एक शब्द बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वालूरच्या स्टँडवर चंद्रभानराव तिला घ्यायला आले होते. मी तिथंच होतो, माझा माल उतरत होता. जीप थांबली, नर्मदाबाई उतरली. चंद्रभानरावांनी सवयीनं खिशात हात घातला.

"भाडं द्यायचं ऱ्हायलं आसंल ना?"

"ऱ्हाऊ द्या," नर्मदाबाई म्हणाली, आणि कमरेची नोट काढून तिनं जीपवाल्याच्या हातावर ठेवली.